ग्रामसभेचे जंगल आणि हवेतला कार्बन

वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वाढण्यामागे कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचे ज्वलन हे सर्वांत मोठे कारण असले, तरी मानवाकडून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या, म्हणजे तापलेल्या पृथ्वीकडून परत जाणारी उष्णता अडवून धरणाऱ्या वायूंच्या, एकूण उत्सर्जनातील एक पंचमांशाहून अधिक वाटा शेती, जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातील बदल यांचा आहे, आणि म्हणूनच आहे ते जंगल टिकवणे हा तापमानवाढीला आवर घालण्याचा एक मोठा मार्ग मानला जातो. हे जंगल टिकवायचे कोणी, या प्रश्नाला जगभर दीर्घकाळ एकच उत्तर दिले गेले, आणि ते म्हणजे सरकारने जंगल आपल्या ताब्यात घ्यावे, त्याला हद्द आखावी आणि आत राहणाऱ्यांना शक्य तितके बाहेर ठेवावे. गेल्या तीन-चार दशकांतील उपग्रहचित्रांनी या उत्तराला मोठाच धक्का दिला आहे. ब्राझीलमध्ये १९९० ते २०२० या तीस वर्षांत खासगी जमिनींवरील नैसर्गिक वनस्पतीचे आच्छादन सुमारे वीस टक्क्यांनी घटले, आणि ज्या प्रदेशांवर मूळनिवासी समाजांचा हक्क कायद्याने मान्य झाला आहे तेथे ते जेमतेम एक टक्क्याने कमी झाले. २०२१ साली ग्लासगो येथे भरलेल्या हवामान परिषदेत काही सरकारांनी आणि दानशूर संस्थांनी अशा समाजांच्या भूमिहक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले, त्यामागे हाच अनुभव होता.

महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने वर्षावन म्हणावे असे सदाहरित जंगल सह्याद्रीच्या माथ्यावर आणि घाटउतारांवर तुकड्यातुकड्यांनी उरले आहे. तरीही ब्राझीलच्या अनुभवाशी जुळणारे उदाहरण महाराष्ट्रात शोधायचे झाल्यास पूर्व विदर्भाकडेच वळावे लागते, कारण गावाने जंगल राखायचे, त्याचे नियम गावानेच करायचे आणि तो अधिकार कागदावर सरकारी सहीशिक्क्यानिशी मिळवायचा, ही गोष्ट देशात सर्वप्रथम गडचिरोली जिल्ह्यात घडली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक भूभागावर जंगल आहे. ते पानगळीचे आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, टेंभुर्णी, चार, हिरडा, बेहडा आणि त्यांच्या खाली दाटलेला बांबू अशी त्याची रचना असून फेब्रुवारीपासून पाने झडू लागतात आणि उन्हाळाभर जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर पडून राहतो. भामरागड आणि आलापल्लीच्या बाजूला पाऊस अधिक असल्याने वन अधिक घनदाट होते, आणि आलापल्लीजवळचा जुन्या, प्रचंड सागांचा एक पट्टा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला आहे.

जंगल कार्बन साठवते म्हणजे नेमके काय करते, हे येथे पाहणे आवश्यक आहे. झाडाची पाने हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यातील कार्बन वेगळा करून शर्करा तयार करतात, आणि त्यातूनच पुढे खोड, फांद्या व मुळे घडतात, त्यामुळे पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. झडलेली पाने, मेलेली मुळे आणि कुजलेले ओंडके मातीत मिसळतात तेव्हा त्यातील काही कार्बन मातीतच स्थिरावतो, आणि भारतातील जंगलांच्या बाबतीत तर एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे. या एका गोष्टीचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले जात नाही. एखादे मिश्र जंगल तोडून तेथे एकाच जातीची रोपे लावली, तर काही वर्षांनी उपग्रहाला ती जमीन पुन्हा हिरवी दिसते, परंतु उघडी पडून धुपलेल्या मातीतून गेलेला कार्बन तितक्या वर्षांत परत येत नाही. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत मिश्र जंगल काढून तेथे सागवानाची लागवड करण्याच्या वनविकास महामंडळाच्या कामाला अनेक गावांनी विरोध केला, तो मोह, चार, टेंभुर्णी गेली तर खायचे काय आणि विकायचे काय, या प्रश्नातून. मातीतील कार्बनचे शास्त्र मांडणाऱ्यांचा निष्कर्षही त्या विरोधाच्याच बाजूने जातो.

या जंगलावरील गावांचा अधिकार गेला कसा, याचा इतिहास लांबलचक असला तरी त्याचा गाभा थोडक्यात सांगता येतो. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी राखीव आणि संरक्षित वने निर्माण केली. आजच्या गडचिरोलीचा मोठा भाग तेव्हा जमीनदाऱ्यांखाली होता आणि तेथे गावकऱ्यांना निस्तार, म्हणजे घर, शेती आणि सरपणासाठी लागणारे लाकूड, बांबू, गवत व इतर वस्तू घेण्याची रूढ मुभा होती. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या संपल्या, त्यांची जंगले सरकारकडे आली आणि निस्ताराची मुभा हळूहळू सवलत होऊन बसली. सवलत आणि हक्क यांतला फरक व्यवहारात फार मोठा असतो, कारण सवलत देणाऱ्याला ती काढूनही घेता येते. बांबूचे उदाहरण बोलके आहे. ज्या बांबूची एक काठी घेताना गावकऱ्याला वनरक्षकाची भीती वाटे, तोच बांबू दीर्घ मुदतीच्या करारावर नाममात्र दराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या दोन जलविद्युत प्रकल्पांत मोठे वनक्षेत्र आणि अनेक आदिवासी गावे बुडणार हे स्पष्ट झाले, तेव्हा बाबा आमटे आणि लालश्याम शाह महाराज यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि ते प्रकल्प बाजूला पडले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव याच काळात जागे झाले. गावाने जंगलातील लाकूड आणून आपले गोटूल, म्हणजे तरुण-तरुणींना एकत्र आणणारी पारंपरिक सामाजिक संस्था जेथे भरते ती वास्तू, पुन्हा उभे केले. वनविभागाने ते पाडले. आणि त्यानंतर आसपासच्या गावांनी एकत्र येऊन गोटुले पुन्हा उभारली. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने या गावात दोन प्रथा रुजल्या, आणि पुढच्या सर्व गोष्टी त्या दोन प्रथांवर उभ्या राहिल्या. पहिली प्रथा सर्वसहमतीची, म्हणजे बहुमताने कोणताही निर्णय न घेता एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा चालू ठेवण्याची. दुसरी अभ्यासगटाची, म्हणजे निर्णय घेण्याआधी कायदा, हिशोब, मध, मासे, बांबू अशा एकेका विषयावर बसून माहिती गोळा करण्याची आणि बाहेरच्या जाणकाराला बोलावून त्याच्याशी वाद घालण्याची. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. तिच्यामागे वर्षानुवर्षांच्या अशा कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या लांब बैठका होत्या, हे तितकेसे माहीत झाले नाही.

२००६ साली संसदेने अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम संमत केला, तेव्हा मेंढ्याकडे तयार ग्रामसभा होती. या कायद्याची सर्वांत जास्त चर्चा वैयक्तिक हक्कांची, म्हणजे जंगलजमिनीवर कसत आलेल्या शेताच्या पट्ट्याची होते. जंगलाच्या दृष्टीने मात्र त्यातील सामूहिक वनसंपत्तीचा हक्क अधिक दूरगामी आहे, कारण गावाच्या पारंपरिक सीमेतील जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो, आणि त्याचबरोबर तेंदूपाने, मोहफूल, मध, डिंक, बांबू अशा गौण वनोपजाची मालकीही मान्य करतो. गौण वनोपज म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे वनस्पतिजन्य उत्पन्न. बांबू त्यात येतो हे कायद्याने स्पष्ट लिहिले होते, परंतु जुन्या वनकायद्यात तो झाड गणला गेला असल्याने प्रशासन ते मानायला तयार नव्हते. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला आणि त्याच वेळी शेजारच्या मर्दा गावालाही. देशातील हे पहिले हक्क होते. हक्क मिळूनही बांबू विकता येत नव्हता, कारण माल जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनविभागाच्या हातात होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. कायदा झाल्यापासून त्या पुस्तकापर्यंत पोचायला जवळजवळ साडेचार वर्षे लागली.

बांबू ग्रामसभेच्या हाती आल्याने जंगलात काय बदलते, हे बांबूच्या एका बेटाजवळ थांबून पाहिल्यास नीट समजते. पावसाळ्यात जमिनीतील गाठाळ कंदापासून कोंब वर येतात, ज्यांना विदर्भात वास्ते म्हणतात आणि ज्यांची भाजी आवडीने खाल्ली जाते. यातला वाचलेला कोंब एकाच हंगामात आपली पूर्ण उंची गाठतो, पण त्याला टणकपणा यायला दोन-तीन वर्षे लागतात. पहिल्या वर्षाचा बांबू कोवळा असतो आणि पुढच्या कोंबांना पोसणारा कंद त्याच्या बुडाशी असतो, म्हणून तीन वर्षांहून जुना बांबूच तोडायचा, बेटाच्या बाहेरच्या कडेचे नवे बांबू राखून आतले जुने काढायचे, बुंधा जमिनीपासून फार उंच सोडायचा नाही, बेटात ठरावीक संख्येने बांबू उभे ठेवायचेच आणि पावसाळ्यात तोड पूर्ण बंद ठेवायची, असे तोडीचे नियम असतात. हे नियम वनशास्त्राच्या पुस्तकांतही आहेत आणि कारखान्याच्या करारांतही ते लिहिलेले असत. ठेकेदाराचा मजूर मात्र बंडलांवर पैसे मिळवत असतो, बेटाच्या आत शिरणे काटेरी आणि वेळखाऊ असते, आणि पुढच्या वर्षी त्या बेटाकडे परत येण्याचे त्याला कारण नसते, त्यामुळे तो कडेचा कोवळा बांबू आधी छाटतो आणि बेट आतून गुदमरत जाते. गावच्या माणसाला पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आणि मुलाच्या लग्नाच्या मांडवालाही त्याच बेटाकडे यायचे असते. नियम तोच राहून तो पाळणाऱ्याचा काळाशी असलेला संबंध बदलला की जंगलाचे भवितव्य बदलते, आणि हवामानाच्या दृष्टीने सामूहिक हक्काचे सर्वांत मोठे मोल बहुधा यातच आहे. मेंढ्याच्या ग्रामसभेला बांबूच्या पहिल्या मोठ्या विक्रीतून मिळालेली रक्कम कोटीच्या घरात गेली, आणि गावाजवळ जंगलाच्या कामासाठी स्वतःचा निधी उभा राहिला.

तेंदूच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत टेंभुर्णीची कोवळी पाने तोडून, सत्तर पानांचे एक पुडके बांधून, फळीवर म्हणजे संकलनाच्या मोकळ्या जागेवर ती सुकवली जातात, आणि अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. वर्षातील रोख उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग अनेक घरांना या दोन-तीन आठवड्यांतून मिळतो. ग्रामसभांनी स्वतः लिलाव करून पाने विकायला सुरुवात केल्यावर मजुरीखेरीज मालकीचा मोबदलाही गावात येऊ लागला. परंतु चांगली कोवळी पाने यावीत म्हणून हंगामाआधी झुडपे छाटली जातात आणि कित्येक ठिकाणी आगही लावली जाते. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तेथील ग्रामसभेने या प्रश्नावर विचार करून तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले, कारण छाटणीने झाड खुरटते, फळे धरत नाहीत, आणि टेंभरे माणसांना व पाखरांना हवी असतात. उत्पन्नाचा आधार बांबूवर ठेवला गेला, आणि जंगलाचा काही भाग कोणताही वापर न करता जैवविविधतेसाठी राखला गेला. बाहेरून कोणी असा नियम लादला असता तर त्याला जुलूम म्हटले गेले असते, आणि ते योग्यही ठरले असते. पाचगावने तो स्वतःवर घालून घेतला, म्हणून तो पाळला गेला.

आगीचा उल्लेख आला आहे तर तिच्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण पानगळीच्या जंगलात कार्बन हवेत परत जाण्याची एक नेहमीची वाट वणव्याची आहे. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, आणि विझवायला कोणी थांबले नाही तर ती आग वाऱ्याबरोबर डोंगर चढते. मोठी झाडे बहुधा वाचतात, त्यामुळे वणव्याने फारसे बिघडत नाही असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात त्या वर्षीची सारी रोपे जळतात, मातीत मिसळू शकला असता तो पाचोळा धूर होऊन जातो, आणि दर वर्षी असे होत राहिले की जुन्या झाडांची जागा घ्यायला नवी झाडेच उरत नाहीत. जंगल हिरवे दिसत असतानाच म्हातारे होत जाते. वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जमिनीचे पट्टे आधीच साफ करून ठेवतो, परंतु हजारो चौरस किलोमीटर जंगलात दुपारी दोन वाजता लागलेली आग पहिल्या तासात विझवू शकणारा माणूस जवळच्या गावचाच असतो. जंगल सरकारचे असेल तर तो पाहून पुढे जातो. जंगल गावाचे असेल, जळलेला मोह आपल्या वेचणीचा असेल, आणि आग लावणाऱ्याला ग्रामसभेत सर्वांसमोर उत्तर द्यावे लागणार असेल, तर तो हिरव्या डहाळ्या तोडून आगीवर धावतो. मेंढ्यासारख्या गावांनी आग न लावण्याचा, मोह-चार यांसारखी फळझाडे न तोडण्याचा आणि आळीपाळीने राखण करण्याचा नियम फार पूर्वी केला, आणि मध काढताना पोळे जाळून माश्या मारण्याऐवजी पोळ्याचा मधाचा भागच कापून घेण्याची पद्धत शिकून घेतली.

आता कार्बनच्या हिशोबाकडे वळता येईल, आणि त्यासाठी गडचांदूरकडे पाहावे लागेल. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील हे गाव माणिकगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, चुनखडीच्या विस्तीर्ण थरांवर वसलेले असून त्याच्या परिसरात देशातील काही मोठे सिमेंट कारखाने आहेत. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ती फिरत्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते, तेव्हा शुद्ध चुनखडीच्या दर १०० किलोंमागे ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन बाहेर पडतो. भट्टी पेटवायला लागणाऱ्या कोळशाचा धूर वेगळाच. दोन्ही मिळून एक टन क्लिंकरमागे, म्हणजे दळून सिमेंट करायच्या भाजलेल्या खड्यांमागे, सुमारे ०.८ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो तो यामुळेच. दुसऱ्या बाजूला, भारतीय वन सर्वेक्षण विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील जंगलांत ७,२०४ दशलक्ष टन कार्बन साठलेला आहे, म्हणजे मातीसकट सरासरीने हेक्टरी सुमारे १०० टन. ही सरासरी मेंढ्याच्या १,८०० हेक्टरांना लावली तर १.८ लाख टन कार्बन होतो, आणि कार्बनच्या एका टनापासून ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड बनत असल्याने हा साठा सुमारे ६.६ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. वर्षाला दहा लाख टन क्लिंकर भाजणारी एकच भट्टी एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते.

या दोन आकड्यांकडे शांतपणे पाहिले पाहिजे. एका गावाने राखलेल्या आणि शतकानुशतके घडत आलेल्या जंगलातील सगळा साठा त्याच टापूतील एका भट्टीच्या वर्षभराच्या धुराहूनही कमी भरतो, आणि चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र व वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी तर या हिशोबात धरलेल्याच नाहीत. यावरून जंगल राखणे व्यर्थ आहे असे मुळीच ठरत नाही, कारण हेच जंगल तुटले तर त्या साठ्याचा मोठा भाग धुराच्या रकमेत भर घालतो, आणि पाऊस, पाणी, माती, अन्न ही जंगलाची देणी कोणत्याही कार्बनच्या आकड्यात मावत नाहीत. ठरते ते इतकेच की जंगलाला कारखान्याच्या धुराची भरपाई म्हणून दाखवण्यात फार मोठी गफलत आहे. जमिनीखाली कोट्यवधी वर्षे दगडात आणि कोळशात बंद असलेला कार्बन वर काढायचा आणि तो वाढत्या झाडांत साठवू असे म्हणायचे, तर झाडांना तेवढी जमीन आणि तेवढा काळ कोठून आणायचा, याचे उत्तर कोणापाशीच नाही. भारताने २०३० पर्यंत वने आणि वृक्षाच्छादन यांद्वारे २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा निर्माण करण्याचे आंतरराष्ट्रीय वचन दिले आहे. ते स्वागतार्ह असले तरी ते पुरे करण्याचा भार जंगलातील गावांवर टाकायचा आणि धूर आहे तसाच चालू ठेवायचा, हा न्याय होणार नाही.

कार्बन बाजाराचा प्रश्न येथूनच उभा राहतो. जंगल न तोडता राखल्याबद्दल किंवा नव्याने वाढवल्याबद्दल कार्बनची पतपत्रे द्यायची आणि धूर सोडणाऱ्या कंपन्यांनी ती विकत घ्यायची, अशी ही व्यवस्था असून भारतातील वननिवासी गावांपर्यंतही तिचे प्रस्ताव पोचू लागले आहेत. वरवर पाहता यात गावांचा लाभ आहे. परंतु असे करार दीर्घ मुदतीचे असतात, जंगलाचा वापर कसा करायचा हे त्यांतील अटींनी आधीच बांधून टाकलेले असते, आणि मोजणी, पडताळणी व विक्री ही सारी कामे गावाबाहेरच्या तज्ज्ञांच्या हाती राहतात. गौण वनोपजाची मालकी कायद्याने ग्रामसभेला मिळवून दिली, ती याच प्रकारच्या परावलंबनातून तिला सोडवण्यासाठी. मेंढ्याने किंवा पाचगावने जंगल राखले ते कार्बनसाठी नव्हते. आपला अन्नाचा, रोजगाराचा आणि निर्णयाचा अधिकार राखण्यासाठी ते राखले गेले आणि कार्बन त्याच्यासोबत आपोआप राखला गेला. हा क्रम उलटा केला, कार्बन आधी आणि अधिकार नंतर असे झाले, तर दोन्ही गमावण्याचा धोका आहे. कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी अभ्यासगटाने बसून तो वाचावा, हा मेंढ्याचा जुना शिरस्ता येथे इतर गावांच्याही उपयोगी पडेल.

आज गडचिरोली जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांकडे मिळून चार लाख हेक्टरांहून अधिक जंगलावरील सामूहिक हक्कांची पत्रे आहेत, आणि देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हा हक्क मान्य झालेला दुसरा जिल्हा नाही. पत्र मिळालेल्या प्रत्येक गावात मेंढा उभा राहिला, असे मात्र समजता येणार नाही. काही ठिकाणी ठेकेदारानेच ग्रामसभेची कागदपत्रे रंगवली, काही ठिकाणी हिशोब दोन-तीन माणसांपुरता राहिला, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात मोह व तेंदू वेचायला गेलेली माणसे, विशेषतः स्त्रिया, वाघांच्या हल्ल्यांत बळी पडत असताना जंगल राखा असे त्यांना सांगणे सोपे राहिलेले नाही. एकट्या गावाची ताकद कमी पडते तेथे गावांचे संघ पुढे आले आहेत. कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे, तिच्यात प्रत्येक गावातून दोन स्त्रिया आणि दोन पुरुष प्रतिनिधी येतात, तेंदूच्या व्यवहाराला ती बळ देते, आणि झेंडेपार येथील प्रस्तावित लोहखाणीला विरोध करण्यातही हीच गावे पुढे राहिली. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे मात्र वेगळे घडले. तेथील ठाकूरदेवाचे स्थान माडिया आणि इतर गोंड गावांना पवित्र असून विरोध असतानाही ३४८ हेक्टरांच्या खाणपट्ट्यावर उत्खनन सुरू झाले, आणि २०२३ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यात आली.

कायद्याच्या बाजूने पाहता वनजमीन दुसऱ्या कामासाठी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने बंधनकारक केले होते, आणि ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हा निर्णय ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनंतर केंद्राची मंजुरी या संमतीसाठी थांबत नाही आणि हक्कांची पूर्तता करून घेण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले आहे, त्यामुळे मंजुरी आधी आणि विचारणा नंतर अशी स्थिती येते. अशा वेळी ज्या गावाकडे सामूहिक हक्काचे पत्र आहे, त्याला निदान आपली बाजू कागदानिशी मांडता येते.

गडचांदूरच्या पाठीशी असलेल्या जिवती आणि कोरपन्याच्या डोंगरांत असे हक्क मिळण्याचे काम फारच कमी झाले आहे. तेथे कोलाम राहतात, ज्यांची गणना महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींमध्ये कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासोबत होते. तेथेच गोंड आहेत, आणि मराठवाड्यातून दुष्काळाच्या काळात येऊन स्थिरावलेली बिगरआदिवासी कुटुंबेही आहेत, ज्यांना कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते आणि ती बहुतेकांना करता येत नाही. जिवती तालुक्यातील चौदा गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन राज्यांचा दावा आहे. चंद्रपूर जिल्हा सामूहिक हक्कांच्या बाबतीत गडचिरोलीच्या बराच मागे राहिला त्यामागे ही गुंतागुंतही आहे, आणि चुनखडीला असलेली किंमतही आहे. कोलामांच्या पाड्यांसाठी मात्र कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे. वनहक्क नियमांप्रमाणे सरकारी नोंदींइतकाच गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतो, आणि देवस्थाने, स्मशाने, जुन्या विहिरी, गुरांच्या वाटा, निस्ताराच्या जागा यांची स्थळपाहणी करून ग्रामसभेला आपली पारंपरिक सीमा आखता येते. हे जबाब लिहून घेणे, सीमेवरचे एकेक झाड आणि दगड पाहून नकाशा करणे, आणि शेजारच्या पाड्यांची त्यावर सहमती मिळवणे एवढे काम त्या डोंगरांत तातडीने व्हायला हवे, कारण सीमा सांगू शकणारी माणसे वृद्ध आहेत आणि खाणींचे प्रस्ताव त्यांच्यासाठी थांबणार नाहीत.